अप्पांचं जंगल

ब्रॅकनेल
१४ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

संक्रांतीचा तिळगूळ वेगळ्या पाकिटात टाकलाय. खरं तर फोनच करणार होते, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून घेत नाहीस. त्यापेक्षा आपलं हे पत्रांचंच बरं.

बातमी अशी, की आपल्या गिरीशचा अर्णव आलाय, मिनेसोटाहून. गिरीश गेल्यानंतर त्याला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघितलं. दारात उभा राहिला तेव्हा धस्स झालं गं. उंची तीच, मान तिरकी करून बघायची सवय तीच. फक्त दाढी एवढी आहे, की तो सूप प्यायला लागला की मला काळजी वाटते.

तो आता लेखक आहे. घरच्या आठवणी आणि रानावनातली भटकंती हे एकत्र करून लिहितो. पुस्तकाचं नाव 'द फॉरेस्ट इन माय ग्रँडफादर'. ग्रँडफादर म्हणजे आपले अप्पा! अमेरिकेत छापून झालंय, गाजलंय म्हणे, आणि मे महिन्यात इथे ब्रिटनमध्ये निघणार. इकडच्या आवृत्तीसाठी पब्लिशरला अप्पांच्या आणखी आठवणी हव्यात, म्हणून स्वारी आठवडाभर धाकट्या आत्याकडे मुक्कामाला.

रोज सकाळी हा आमच्या बॅक गार्डनमध्ये अनवाणी उभा राहतो. जानेवारीत! मातीशी बोलतो म्हणे. तिथे माती नाही, गेल्या वर्षी हरीशने सगळीकडे आर्टिफिशियल ग्रास घातलंय, पण ते सांगायचा मला धीर झाला नाही. शेजारची सू कुंपणावरून विचारत होती, "मंजिरी, इज ही लॉक्ड आउट?"

जेवण झालं की फोनवर रेकॉर्डिंग लावतो आणि विचारतो, "आत्या, आणि मग काय झालं?" ताई, इतकी वर्षं झाली ह्या देशात, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या पोरांना, समर-अन्वीला, कोल्हापूर म्हटलं की चपला आठवतात. मी पण मग सांगितलं थोडंफार. तो तुझ्याकडेही येईल. जरा प्रेमाने वाग.

तुझी,
मंजू

•

एडिनबरा
२५ जानेवारी २०२४

प्रिय मंजू,

तिळगूळ पोचला. दात शाबूत आहेत.

अप्पा आणि जंगल? अप्पा वनखात्यात होते हे खरं, पण हेडक्लार्क होते. वन त्यांच्या फायलीत असायचं. हा माणूस मे महिन्यात मफलर बांधायचा. गवतावर बसायची वेळ आली तर आधी वर्तमानपत्र, त्यावर टॉवेल, आणि त्यावर अप्पा. एकदाच साहेबांबरोबर दाजीपूरच्या जंगलात जावं लागलं, तर जीपमधून उतरले नाहीत. सह्या जीपमध्येच केल्या आणि घरी येऊन दोन दिवस वाफारा घेतला. अशा माणसाच्या आत जंगल असेल तर ते कुठल्याही एक्सरेत दिसलं असतं.

"थोडंफार सांगितलं" म्हणजे नक्की काय सांगितलंस त्या पोराला? मी तुला ओळखते. शाळेत तू पावसात भिजलीस तरी बाईंना पूर आल्याचं सांगायचीस.

आणि मुख्य गोष्ट लिहिलीच नाहीस. तो गिरीशबद्दल काही बोलला का? कोव्हिडमध्ये आपल्याला जाता आलं नाही. झूमवर माणसं दिसत होती आणि अर्णव बोलत होता, पण त्याचा माइक बंद होता. आपण दोघी इकडे "अनम्यूट! अनम्यूट!" ओरडत होतो. माझ्या भावाला निरोप देताना त्याचा मुलगा काय म्हणाला, ते मला अजून माहीत नाही. अप्पांच्या आठवणी माझ्याकडे भरपूर आहेत, गरजेपेक्षा जास्त. मला गिरीशच्या हव्यात.

सुलूताई

•

ब्रॅकनेल
३ फेब्रुवारी २०२४

प्रिय ताई,

मी एक अक्षर खोटं बोललेले नाही. तो विचारायचा, आणि मी नाही म्हणायचे नाही. एवढंच.

"आत्या, अप्पा झाडांशी बोलायचे ना?" आता बोलायचेच की! कुलकर्ण्यांच्या फणसाचं पान आपल्या अंगणात पडलं, की त्या फणसाला उभं करून झापायचे. "पक्ष्यांचे आवाज ओळखायचे ना?" ओळखायचे. कावळा ओरडला की म्हणायचे, पाहुणे येणार, दूध पुरवून वापरा. कावळा पक्षी नाही का? मग विचारतो, "जंगलात त्यांना भीती नाही वाटायची?" मी म्हटलं, "जंगलात त्यांना घाबरलेलं मी तरी कधी पाहिलं नाही." शंभर टक्के खरं. जंगलातच पाहिलं नाही.

तू त्याचा चेहरा बघायला हवा होतास. दर वेळी मी हो म्हटलं, की असा उजळायचा, जणू एखादी गोष्ट त्याला आधीच ठाऊक आहे आणि मी फक्त शिक्का मारतेय. अशा चेहऱ्याला नाही कसं म्हणायचं? तू म्हणाली असतीस. म्हणूनच तो आधी माझ्याकडे आला.

गिरीशचं विचारलं. "शेवटी बाबा काही म्हणाला का रे?" असं अगदी हळू विचारलं. तो उठला आणि बाहेर जाऊन त्या प्लॅस्टिकच्या गवतावर उभा राहिला. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती. मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

मंजू

•

लंडन
२ एप्रिल २०२४

आदरणीय सुलक्षणा आत्या,

साष्टांग नमस्कार. हा पत्र मी हाताने लिहितो आहे, कारण मंजिरी आत्या म्हणाल्या की तुम्हाला फक्त पत्र आवडतो. ह्या कागदाच्या आत बिया आहेत. वाचून झाला की मातीत पुरून टाका, म्हणजे रानफूल येतील. पत्र मेला नाही पाहिजे असा मला वाटतो.

माझा पुस्तक पाठवतो. माझी मराठी चांगला नाही, पण पुस्तकाची इंग्रजी चांगला आहे असं लोक म्हणतात.

अकरा मेला पब्लिशरने तुमच्या इथे पेंटलंड डोंगरात एक वॉक ठेवली आहे. वाचक येतील, मी त्यांच्याबरोबर चालत पुस्तक वाचणार. तुम्ही पण या, प्लीज. अप्पांचा रक्त तुमच्यात आहे, तुम्हाला डोंगर काय नवीन! तुम्ही तिघं लहान असताना अप्पा तुम्हाला दाजीपूरला न्यायचे, आणि सगळे झाडाखाली झोपायचे. ते मी प्रकरण चारमध्ये लिहिला आहे. तिथे अप्पांची मुलगी म्हणून तुम्ही दोन शब्द बोलली, तर मला खूप मोठा आनंद होईल.

तुमचा भाचा,
अर्णव

•

एडिनबरा
१४ एप्रिल २०२४

मंजू,

पुस्तक वाचलं. मी आयुष्यभर ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना भूल दिली, त्यामुळे गुंगीची लक्षणं मला चांगली कळतात. पहिल्या प्रकरणातच सुरू झाली.

मग जाग आली ती रागाने. पान उलटलं की अप्पा काहीतरी पराक्रम करतात. ओल्या लाकडातून विस्तव काढतात. ज्या माणसाला शेवटपर्यंत गॅस पेटवता आला नाही, तो! ताऱ्यांवरून वाट ओळखतात. समोर अस्वल आलं तर टोपी काढून त्याला नमस्कार करतात. आपण तिघं दाजीपूरच्या झाडाखाली झोपतो आणि अप्पा पहाटे घुबडाशी घुबडाच्या भाषेत बोलतात. मंजू, आपण झोपायचो ते गादीवर, मच्छरदाणीत, आणि वर अप्पा ओडोमास लावून जायचे. तू ह्या मुलाला झाडाखाली झोपवलंस?

तेही मी सोडून दिलं असतं. लेखक म्हटला की थोडं तिखटमीठ लावणारच. पण ह्या एवढ्या जाड पुस्तकात माझा भाऊ कुठे आहे? शोधून काढला. एका ओळीत आहे: "माझे वडील इंजिनियर होते." पूर्णविराम. त्यानंतर तीन पानं शेवाळावर आहेत.

शेवाळाला तीन पानं आणि बापाला एक ओळ!

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय ना? मी जाणार आहे. आणि सगळ्यांसमोर खरं तेवढंच बोलणार आहे.

(आणि सही केलीय 'तुमचा भाचा'! त्याला सांग, भाचा बहिणीचा असतो. हा माझ्या भावाचा मुलगा आहे. निदान तो भाऊ कोण होता ते तरी आठवावं.)

सुलूताई

•

ब्रॅकनेल
२० एप्रिल २०२४

प्रिय ताई,

तुझ्या पाया पडते, असं काही करू नकोस. त्या बिचाऱ्याचं पोट त्या पुस्तकावर आहे.

आणि एक सांगू? तुझं पत्र आल्यावर मी अर्णवकडून पुस्तक मागवून वाचलं. त्यातलं निम्म्याहून जास्त मी सांगितलेलंच नाही! झाडाखाली झोपणं, घुबड, अस्वल, ह्यातलं काहीच माझं नाही. शिवाय ते अमेरिकेत आधीच छापलेलं होतं. तेव्हा तो माझ्याकडे आलाही नव्हता. मी फक्त तो जे विचारेल त्याला हो म्हटलं. मला तर वाटत होतं, हे सगळं तूच कधीतरी त्याला लिहिलं असशील, म्हणून मी तुझी री ओढली. मग ह्याला सांगितलं कुणी?

हरीश म्हणतो, अमेरिकन आहे, स्वतःच रचलं असेल. पण त्याला खोटं नीट बोलता येत नाही गं. माझी वांग्याची भाजी आवडली म्हणाला तेव्हाच मला कळलं.

जायचं तर जा, पण तोंड सांभाळ. आणि जाड मोजे घाल.

मंजू

•

एडिनबरा
१३ मे २०२४

प्रिय मंजू,

जिवंत आहे. गुडघा सुजलाय, तो खुर्चीवर ठेवून लिहितेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बस.

शनिवारी सकाळी कार पार्कमध्ये तीसेक माणसं जमली होती. अंगावर एव्हरेस्टला पुरतील एवढे कपडे, आणि चालायचं होतं त्या वाटेवर जिथे इथल्या आज्या कुत्री फिरवतात. पब्लिशरची बाई आली होती, क्लेअर नावाची. अर्णवने मला मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "ही अप्पांची मुलगी." तीस माणसांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या कानातून आता पालवी फुटणार.

थोडं चढल्यावर एक झाड आलं. अर्णव त्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "डोळे मिटा, आणि आपापल्या पूर्वजांचा आवाज ऐका." सगळ्यांनी डोळे मिटले. एक मेंढी ओरडली. माझ्या शेजारच्या बाईने माझा हात घट्ट धरला.

मग मला पुढे बोलावलं. मी खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "माझ्या वडिलांनी जंगलात कधी पाऊलही टाकलं नाही. ते क्लार्क होते. त्यांनी जंगल फक्त कागदावर पाहिलं. त्यांना किड्यांची भीती वाटायची."

मला वाटलं, चला, फुटलं बिंग. तेवढ्यात मागून एक गृहस्थ म्हणाला, "वॉव." आणि मग दुसरी एक बाई, अगदी गहिवरून: "ही डिडंट नीड टु गो. इट वॉज इनसाइड हिम." टाळ्या! क्लेअर डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि विचारते कशी, "डॉक्टर, तुमचं ते कागदावरच्या जंगलाचं वाक्य आम्ही पेपरबॅकच्या कव्हरवर घेतलं तर चालेल?" मंजू, मी जन्मभर सर्जन लोकांना खरं सांगत आले. ते ऐकायचे नाहीत, पण निदान टाळ्या तरी वाजवायचे नाहीत.

एकट्या अर्णवने टाळी वाजवली नाही. तो माझ्याकडे टक लावून बघत होता.

पुढे समुद्राकडून धुकं आलं. इथे ते असंच येतं, अंगावर ओलं पांघरूण पडावं तसं. वाट दिसेना. अर्णव म्हणाला, "घाबरू नका. आजोबा सांगायचे, शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला असतं." अरे पण हे स्कॉटलंड आहे! इथे शेवाळ सगळीकडे असतं. झाडाच्या चारी बाजूंना, दगडावर, आणि फार वेळ उभं राहिलं तर माणसावरही. जो तो आपापलं शेवाळ तपासत राहिला. शेवटी क्लेअरने फोन काढला आणि सगळा मेळा तिच्यामागे गाडीच्या दिशेने उतरला. अर्णव मात्र उत्तरेला निघाला, आणि मी त्याच्या मागे. का, तर मला त्याला दोन शब्द खाजगीत सुनवायचे होते.

सुनवायला तोंड उघडलं आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले.

त्याने मला ओढून काढलं. गुडघा मुरगळला होता, पाऊल टेकवेना. तिथे मेंढ्यांसाठी बांधलेली दगडांची भिंत होती. वाऱ्याच्या उलट्या बाजूला त्याने मला बसवलं. खाली स्वतःचं जॅकेट घातलं. माझे बूट काढले, ओले मोजे पिळून काढले, आणि मग शर्टाच्या आतून, पोटाशी ठेवलेले स्वतःचे कोरडे मोजे काढून माझ्या पायात चढवले. मंजू, गरम होते ते. इतकं पटपट, न बोलता केलं त्याने. पुस्तकातला तो नाटकी अर्णव हा नव्हताच.

मी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"अप्पांनी." मग म्हणाला, "म्हणजे अप्पांनी बाबांना, आणि बाबांनी मला. दाजीपूरला थंडीत अप्पा असेच मोजे पोटाशी ठेवायचे."

(त्याचं मराठी मी दुरुस्त करून लिहितेय.)

"बाबांनी सांगितलं असं?"

"सगळंच बाबांनी सांगितलं. घुबड, तारे, झाडाखाली झोपणं. दर कॅम्पला एक नवीन गोष्ट. आत्या, मघाशी तुम्ही जे बोललात, ते सिम्बॉलिक होतं ना?"

काय सांगू तुला. हॉस्पिटलमध्ये नातेवाइकांना वाईट बातमी देताना माझा आवाज कधी हलला नाही. तिथे हलला. मी म्हटलं, "नाही रे बाळा."

तो माझे पिळलेले मोजे पुन्हा पिळत राहिला. धुक्यात कुठेतरी ती मेंढी खोकत होती. मग म्हणाला, "मग बाबांना हे सगळं येत कुठून होतं?"

मला काय माहीत! मीही तेच म्हटलं, की आपला गिरीश तर गच्चीवर झोपायला घाबरायचा. मग अर्णवच आठवून आठवून बोलायला लागला. विस्तव पेटवायच्या आधी बाबा नेहमी गाडीमागे जायचा. ह्याला वाटायचं, सिगरेट ओढायला जातो, आईपासून लपून. एकदा हा मागोमाग गेला, तर बाबा टॉर्च लावून लायब्ररीचं पुस्तक वाचत होता. ह्याला बघून घाईघाईने डिकीत टाकलं. कव्हरवर तंबूचं चित्र होतं. तेव्हा ह्याला त्याचा अर्थ कळला नव्हता. तो कळला परवा, त्या भिंतीपाशी, माझ्यासमोर.

सुरुवात कशी झाली तेही त्याला आठवलं. शाळेत बाकीच्या मुलांचे आजोबा त्यांना मासे पकडायला न्यायचे. अप्पा तर हा जन्मायच्या आधीच गेलेले. एकदा ह्याने घरी येऊन विचारलं, माझे आजोबा काय करायचे? गिरीश म्हणाला, "ते फॉरेस्टमध्ये होते." खरंच होतं ते, मंजू, वनखात्यात होतेच. पण पोराचे डोळे एवढाले झाले. आता त्या डोळ्यांना हेडक्लार्क कसं सांगायचं? पुढच्या शनिवारी गिरीश तंबू घेऊन आला.

हिशोब लागला का तुला? जे जे अप्पांनी केलं म्हणून त्या पुस्तकात लिहिलंय, ते सगळं गिरीशने केलेलं आहे. रात्र रात्र पुस्तकं वाचून, मिनेसोटाच्या थंडीत, घाबरत घाबरत.

मी विचारलं, "मग पुस्तकात त्याची एकच ओळ का?"

म्हणाला, "अख्खं प्रकरण होतं बाबांवर. अमेरिकेतली एडिटर म्हणाली, सेलमधला तंबू, फोल्डिंगची खुर्ची, सॉफ्टवेअर इंजिनियर, ह्यात वाचकाला जंगल दिसत नाही. भारतातला आजोबा दिसतो. मग मी बाबांचं सगळं आजोबांच्या नावावर टाकलं. मला वाटलं, काय हरकत आहे? बाबा स्वतः तेच करायचे."

आणि मग त्याने कुकरची गोष्ट सांगितली. गिरीश कॅम्पिंगला प्रेशर कुकर न्यायचा. पहिल्यांदा नेला तेव्हा त्या निबिड अरण्यात जी शिट्टी झाली, तिने आजूबाजूच्या सगळ्या तंबूंतली माणसं बाहेर पळाली. त्यांना वाटलं, अस्वल आल्याचा भोंगा आहे. रेंजर बंदूक घेऊन आला. गिरीशने त्याला बसवून वरण-भात वाढला. वर लिंबू पिळलं. रेंजर दुसऱ्या दिवशी आपली थाळी घेऊन आला म्हणे.

मी इतकी हसले, की गुडघा विसरले. तोही हसत होता, आणि मग एकदम रडायला लागला, लहान मुलासारखा, दाढीसकट. मी त्याचं डोकं धरून बसले. आमच्या दोघांच्या हसण्या-रडण्याच्या आवाजावरूनच शेवटी क्लेअरला आमचा पत्ता लागला.

काल पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. ओल्या लाकडातून विस्तव काढणारा गिरीश. अस्वलासमोर टोपी काढली तो गिरीश. अर्णव म्हणतो, काढली नव्हती, हातापायांना कापरं भरून पडली होती. आता गुंगी येत नाही गं. सावकाश वाचतेय, संपू नये म्हणून.

तुझी,
सुलूताई

ता. क. नात्यावरून मागच्या पत्रात मी उगाच तावातावाने काहीतरी लिहिलं. भावाच्या मुलालाही आत्या भाचाच म्हणते. रागात मी मराठीही विसरले.

•

ब्रॅकनेल
१९ मे २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र किचनमध्ये उभ्यानेच वाचलं. भाजी करपली. हरीशला वाटलं, कुणी गेलं. मी म्हटलं, नाही, कुणीतरी आलंय.

म्हणजे मी त्याला जे हो हो म्हणत गेले, ते गिरीशच्याच शब्दाला हो म्हटलं. तू मला फार बोललीस, पण आता ह्यावर मी काही बोलत नाही. लक्षात मात्र ठेवणार आहे.

ह्या वीकेंडला अन्वी मँचेस्टरहून आली होती. टेबलावर पुस्तक बघून म्हणाली, "मम, हे खरं आहे? आजोबा इतके कूल होते?" मी म्हटलं, "आजोबा नाही. मामा होता." मग तिला कुकरचं सांगितलं. ती हसली, आणि थोड्या वेळाने म्हणते, "मामाचा आवाज कशी होती?"

मला पटकन सांगताच येईना गं. आवाज कसा सांगायचा? तुला येईल सांगता?

मंजू

•

मिनीॲपोलिस
८ सप्टेंबर २०२४

प्रिय सुलूआत्या,

तुमचा गुडघा कशी आहे?

मी घरी परत आलो. क्लेअरला मी सगळा खरं सांगितला, की अप्पा जंगलात गेले नव्हते. मी म्हणालो, पुस्तकमध्ये बदल करू. ती म्हणाली, "अर्णव, मेमरी इज ऑल्सो अ फॉरेस्ट." आता हा वाक्य पण पेपरबॅकवर आहे, तुमच्या वाक्याच्या खाली. पुस्तक एका बक्षिसाच्या यादीत आला आहे. सत्य लिखाणाचा बक्षीस आहे. मला लाज वाटते, पण आई म्हणाली, जाऊन जेवून ये.

बाबांचं प्रकरण मी परत लिहिला. ह्या वेळी कुकर, खुर्ची, लायब्ररी, सगळं घातलं. तीन ठिकाणी पाठवला. सगळे म्हणाले, छान आहे, पण तुमचे वडील थोडे ऑर्डिनरी वाटतात.

आता पब्लिशरला दुसरा पुस्तक पाहिजे. आजी आणि नदी. नाव पण त्यांनीच ठेवलं: 'द रिव्हर इन माय ग्रँडमदर'. मी हो म्हणून बसलो. पण बाबांनी मला आजीच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत. मला आता खोटा लिहायचा नाही, आणि खरं काय आहे ते माहीत नाही. आत्या, आजी नदीवर जायची का?

तुमचा,
अर्णव

•

एडिनबरा
२१ सप्टेंबर २०२४

चि. अर्णव यास अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. क्लेअरच्या वाक्याखाली माझं वाक्य छापलं नाही, वर छापलं, हे एक बरं झालं. बक्षीस मिळालं तर घे. अशा बक्षिसांना नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

तुझे वडील ऑर्डिनरी होते, असं म्हणणाऱ्या तिघांचीही नावं मला कळव. मी त्यांना पत्र लिहिणार आहे, आणि ते बियांच्या कागदावर नसेल.

आता आजीचं. आपल्या घरी नळ होता, त्यामुळे ती नदीवर गेली नाही. अंघोळीला तिला कढत पाणी लागायचं, आणि पुलावरून जाताना ती डोळे मिटून घ्यायची. हे झालं खरं. ह्यावर पुस्तक होत नाही, हे मलाही कळतं.

तेव्हा असं करू. नाताळात माझ्याकडे ये, मंजूलाही मी बोलावून घेते. तुला हवी तितकी आजी आम्ही दोघी तुला देऊ. नदी देऊ, पूर देऊ, वाटल्यास मगर देऊ. मंजूचा त्यात हातखंडा आहे, आणि मीही आता ह्या वयात शिकेन म्हणते. अट एकच. आमच्या प्रत्येक गोष्टीमागे तू आम्हाला गिरीशची एक गोष्ट सांगायची. ती मात्र खरी हवी, साधी हवी, आणि तिच्यात एकही झाड शहाणपण शिकवणारं नको. तुला तुझं पुस्तक मिळेल आणि आम्हाला आमचा भाऊ. आमची आई ह्या व्यवहाराला नाही म्हणाली नसती.

नाताळापर्यंत धीर धरवत नाही, म्हणून सुरुवात मी आत्ताच करते. तुझी आजी पट्टीची पोहणारी होती. नऊवारी नेसून अख्खा रंकाळा तलाव ती एका दमात पार करायची, आणि काठावर आम्ही तिघं तिच्या चपला घेऊन उभे असायचो.

आता तू सांग. त्या पहिल्या शनिवारी तंबू उभा करायला गिरीशला किती वेळ लागला, आणि तो कोसळला तेव्हा आत कोण होतं?

तुझी,
सुलूआत्या